लाटेसाठी बांधलेल्या बोटी

वेकबोर्डिंग या खेळात उडी घेण्यासाठी खेळाडूला जो चढ लागतो, तो त्याला ओढणारी बोटच पाण्यात तयार करून देते, आणि म्हणून या खेळात बोट हे केवळ ओढण्याचे साधन न राहता क्रीडांगणाचाच एक भाग होऊन बसते. दोन्ही पाय एका आडव्या फळीवर पक्के केलेला खेळाडू सुमारे २० ते २५ मीटर लांबीच्या दोराची मूठ धरून पाण्यावरून घसरत असतो. बोटीच्या मागे डावीकडे आणि उजवीकडे पसरत जाणाऱ्या दोन लाटा उठतात. त्यांपैकी एकीच्या बाहेर तो दूरवर जातो, तेथून आत वळून वेग घेत लाटेच्या चढावर येतो, माथ्याशी पोहोचताच गुडघे ताठ करतो आणि हवेतून मधला पट्टा ओलांडून दुसऱ्या लाटेच्या पलीकडच्या उतारावर उतरतो. या दोन लाटा आणि त्यांच्यामधला पट्टा मिळून जे पाण्यावर उमटते, त्याला खेळाडू ‘वेक’ म्हणतात.

कोणत्या बोटीची वेक सरस, हा या खेळातला जुना वाद आहे आणि त्यात पहिला प्रश्न बहुधा उंचीचा निघतो. उंची नगण्य नाही. पण केवळ उंचीवरून वेकची पारख करणाऱ्याची फसगत होण्याचा संभव मोठा असतो, कारण गुडघ्याइतकी उंच पण माथ्यावर फेसाळून ढासळणारी लाट खेळाडूला वर फेकत नाही, आणि तिच्याहून बुटकी पण घट्ट व स्वच्छ चढाची लाट त्याला सहज वर उचलते. उंची, चढाचा कोन, माथ्याची धार आणि दोन लाटांमधले अंतर या गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की एक वाढवायला जावे तर दुसरी बिघडते. बोटींची तुलना करायची ती या गुंत्याची करावी लागते, आणि त्यासाठी लाट मुळात उठते कशी हे समजून घेणे भाग आहे.

येथे इतिहासाचा थोडा मागोवा उपयोगी पडतो, कारण आज मोठी वेक उठवण्यासाठी नावाजलेल्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणींनी आधी अनेक वर्षे नेमका उलटा उद्योग केला होता. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या पेपिन सरोवरावर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने लाकडी फळ्यांवर उभे राहून वॉटर स्कीइंगचा प्रयोग केला, आणि पुढे या खेळाच्या स्पर्धा रुजल्या तेव्हा स्की घालून वेगाने बोटीमागची लाट आरपार ओलांडणाऱ्या खेळाडूला ती लाट जितकी सपाट तितकी बरी, असे ठरून गेले. फ्लोरिडात १९२५ साली वॉल्टर मलून यांनी सुरू केलेली, पुढे ‘नॉटिक’ बोटींमुळे प्रसिद्धी पावलेली करेक्ट क्राफ्ट, टेनेसीत १९६८ साली निघालेली मास्टरक्राफ्ट आणि कॅलिफोर्नियात १९८२ साली स्थापन झालेली मालिबू या कंपन्यांची कारागिरी त्यामुळे लाट दाबण्यात मुरली होती. १९८५ साली सॅन दिएगोच्या टोनी फिन यांनी ‘स्कर्फर’ नावाची, लाटेवर स्वार होण्याच्या फळीसारखी पण बोटीने ओढायची फळी आणली; १९९० साली हर्ब ओब्रायन यांनी ‘हायपरलाइट’ ही पाण्यात ना फार तरंगणारी ना बुडणारी फळी बाजारात आणली, तेव्हा खोल पाण्यात बसल्या जागेवरून उठून उभे राहणे सामान्य माणसालाही साधू लागले आणि खेळ झपाट्याने पसरला. या नव्या खेळाडूंना लाट सपाट नको होती. त्यांनी सपाट वेकसाठी बांधलेल्या स्की-बोटींत वाळूच्या गोण्या, पाण्याच्या पिशव्या आणि चार मित्र भरून बोट खाली दाबायला सुरुवात केली, आणि कंपन्यांना आपल्या तळाचे गणित नव्याने मांडावे लागले.

बोट पाण्यात जागा करून पुढे जाते, म्हणजे तिच्या वाटेतले पाणी तिला खाली आणि बाजूंना ढकलावे लागते. शेतात नांगराच्या फाळामागे सरी पडते आणि दोन्ही बाजूंना मातीचे वरंबे उठतात, तसेच बोटीमागे आधी एक खोलगट सरी पडते आणि तिच्या कडांना पाणी वर चढते. फरक इतकाच की माती जागेवर राहते आणि पाणी लगेच परत येऊ लागते, व त्या परतीच्या धावेतूनच लाट जन्म घेते. ही सरी किती खोल पडेल, याचा एक ढोबळ पण उद्बोधक हिशेब करता येतो. बोटीचे वजन पेलण्यासाठी पाण्याला दर सेकंदाला ठराविक प्रमाणात खाली रेटावे लागते. बोट जितकी वेगाने जाईल तितक्या लांब वाटेवर हा रेटा विभागला जातो, म्हणून वाटेच्या प्रत्येक मीटरला मिळणारा रेटा वजनाच्या सम प्रमाणात आणि वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सुमारे दीड टनाची स्की-बोट ताशी ५८ किलोमीटरने जाते, जो वॉटर स्कीइंगमधील पुरुषांच्या स्लालोम स्पर्धेचा कमाल वेग आहे. माणसे व पाणी भरून साडेचार टनांवर गेलेली वेक-बोट ताशी ३५ किलोमीटरने जाते. या हिशेबाने दुसरीच्या वाटेवरच्या प्रत्येक मीटरला पहिलीच्या जवळजवळ पाचपट रेटा बसतो. तीच भरलेली बोट ताशी १८ किलोमीटरवर आणली तर हा आकडा दहापटीच्या घरात जातो. वेकच्या तुलनेत वजन आणि वेग यांची नोंद नसेल तर बाकीच्या नोंदींना अर्थ उरत नाही, तो याच कारणाने.

वेगाचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. पाण्यावरची लाट जितकी लांब तितकी ती वेगाने धावते, आणि बोटीसोबत टिकून राहणाऱ्या लाटेला बोटीच्याच वेगाने धावावे लागते; म्हणून बोटीचा वेग ठरला की तिच्या मागोमाग सरळ येणाऱ्या लाटेची तरंगलांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर, आपोआप ठरते. ताशी १८ किलोमीटरला ही लांबी सुमारे १६ मीटर भरते, ताशी ३५ ला ६० मीटर, आणि ताशी ५८ ला १६० मीटरहून अधिक. बोटीची पाण्यातली लांबी मात्र साडेसहा मीटरच्या आसपासच राहते. बोटीची लांबी आणि तिच्या वेगाला साजेशी लाट यांचे हे प्रमाण मोजण्यासाठी इंग्लंडचे अभियंते विल्यम फ्रूड यांच्या नावाने ओळखला जाणारा फ्रूड अंक वापरतात. त्यांनी १८७२ साली टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या होत्या. हा अंक अर्ध्याच्या आसपास असतो तेव्हा बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकल्यासारखी होते, तिचे नाळेकडचे टोक वर उचलले जाते, मागची बाजू खचते, आणि इंजिनाची बरीच शक्ती लाट उठवण्यात खर्ची पडते. तो एकाच्या वर गेला की बोट पाण्याच्या पृष्ठावर चढून सरपटू लागते आणि लाट लहान होत जाते. स्की-बोट स्पर्धेच्या वेगात दोनच्या जवळ असते, वेकबोर्डिंगची बोट सव्वाच्या आसपास, आणि ताशी १८ किलोमीटरची बोट ०.६ च्या जवळ, म्हणजे जहाज बांधणारा ज्या जागेतून शक्य तितक्या लवकर बाहेर पडू पाहतो नेमक्या तिथे, मुद्दाम रेंगाळते.

दोन लाटांमधल्या अंतराचाही वेगाशी संबंध आहे. गेटवेहून एलिफंटाकडे निघालेली लाँच असो वा तळ्यातले बदक, खोल पाण्यात संथ जाणाऱ्या वस्तूमागची लाटांची पाचर मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला साडेएकोणीस अंशांच्या कोनात पसरते, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ साली गणिताने दाखवून दिले. लहान आणि वेगवान बोटींबाबत मात्र प्रत्यक्षात दिसणारी पाचर याहून अरुंद असते; फ्रान्समधील मार्क राबो आणि फ्रेदेरिक मोआझी या भौतिकशास्त्रज्ञांनी आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजणी करून २०१३ साली दाखवले की फ्रूड अंक अर्ध्याच्या वर गेला की सर्वांत ठळक लाटांचा कोन वेगासोबत आक्रसत जातो. वेकबोर्डिंगच्या वेगाला या गणिताने तो कोन दहा अंशांच्या आसपास येतो. लांब दोरावर खेळणाऱ्याला मधला पट्टा रुंद मिळतो आणि आखूड दोरावर शिकणाऱ्याला अरुंद, याचे कारण ही पाचरच होय.

एखादी वेक जवळून पाहिली तर तिचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. बोटीच्या मागच्या उभ्या फळीला लागून पाण्यात एक खड्डा असतो. वेग पुरेसा असेल तर ती फळी पूर्ण कोरडी राहते आणि पाणी तिच्या खालच्या कडेशी स्वच्छ तुटून निघते. काही मीटर मागे दोन्ही बाजूंचे पाणी मध्याकडे परत धावून एकमेकांवर आदळते व तिथे प्रॉपेलरने घुसळलेल्या पाण्याचा पांढरा उंचवटा उठतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी लाटांच्या भिंती बाहेर सरकू लागतात, पण सुरुवातीला त्या उभ्या, अरुंद आणि माथ्यावर फेसाळ असतात. आणखी मागे जावे तसा फेस विरतो, चढ लांबतो, माथा गोलावतो आणि उंची उतरत जाते. फेस विरलेला आहे पण माथा अजून गोलावलेला नाही, अशी एक जागा मधेच कुठेतरी असते, आणि अनुभवी खेळाडू दोराची लांबी कमी-जास्त करून नेमकी तीच शोधत असतो. बोटीचा वेग थोडा वाढवला की ही जागा मागे सरकते व चढ लांब आणि गुळगुळीत होतो. वेग घटवला की लाट बोटीच्या जवळच उभी राहते आणि माथ्यावर वळून फुटू लागते. चांगल्या बोटीचे एक लक्षण असे की तिच्यामागे ही जागा ऐसपैस असते, म्हणजे वेगात ताशी एक-दोन किलोमीटरचा फरक पडला किंवा एखादा प्रवासी जागेवरून उठला तरी लाट बिघडत नाही. जाहिरातीत हा गुण सांगता येत नाही, पण दररोज खेळणाऱ्याला उंचीपेक्षा त्याचीच किंमत अधिक वाटावी.

फेसाचा प्रश्न वरवर दिसायला किरकोळ असला तरी मुळाशी जाणारा आहे. फेस म्हणजे हवा मिसळलेले पाणी. त्याची घनता कमी असल्यामुळे फळीची कड त्यात रुतते आणि खेळाडूने दिलेला रेटा त्याला परत मिळत नाही. घट्ट पाण्यावर फळीची कड दाबून चढणारा खेळाडू माथ्याशी पाय ताठ करतो तेव्हा खालचे पाणी त्याला उलट रेटते, आणि त्या उलट रेट्यातूनच उडीची उंची मिळते. एकाच बोटीची एक बाजू घट्ट आणि दुसरी फेसाळ असणे ही नेहमीची तक्रार आहे. तिचे कारण बहुधा असे की प्रॉपेलर एकाच दिशेने फिरत असल्यामुळे बोट उलट दिशेला किंचित कलते, त्यात चालक एका बाजूला बसलेला असतो, आणि काही अंशांचा हा कल मागच्या लाटेत उमटतो. बोटीतल्या माणसांना इकडून तिकडे बसवून किंवा एका बाजूच्या टाकीतले पाणी कमी करून हा दोष काढता येतो, आणि दोन बोटींची तुलना करताना तो आधी न काढल्यास बोटीच्या तळाचा दोष म्हणून भलत्याच गोष्टीची नोंद होते.

बोटीची रचना या सर्वांत कुठे शिरते, ते आता पाहता येईल. स्की-बोटीत इंजिन मध्यभागी असते आणि त्याचा दांडा सरळ मागे प्रॉपेलरकडे जातो. वजन मध्यात राहिल्यामुळे बोट सपाट धावते. वेक-बोटीत इंजिन अगदी मागे, उलट्या तोंडाने बसवलेले असते. त्याचा दांडा आधी पुढे एका गिअरपेटीत जातो आणि तेथून खालून परत मागे वळतो, म्हणून या रचनेला ‘व्ही-ड्राइव्ह’ म्हणतात. यामुळे मागची बाजू जड होऊन खाली बसते आणि मधली जागा माणसांसाठी मोकळी होते. दोन्ही प्रकारांत प्रॉपेलर तळाखाली दडलेला असतो, मागच्या फळीबाहेर आलेला नसतो, हे बोटीच्या अगदी जवळ राहून खेळणाऱ्याच्या जिवाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बाहेर प्रॉपेलर असलेल्या नेहमीच्या बोटीमागे, दोर सोडून लाटेवर खेळण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळलाच पाहिजे.

तळाचा आकार हा यापुढचा भाग. समोरून पाहिल्यास तळ मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना जितका चढत जातो, त्या चढाच्या कोनावर बोट किती खोल बसेल आणि खळाळत्या पाण्यात किती मऊ चालेल हे ठरते. सपाट तळ पाण्यावर लवकर चढतो व लाट लहान ठेवतो. खोल तळ पाणी अधिक बाजूला सारतो. सेंच्युरियनसारख्या कंपनीने मागच्या बाजूलाही सुमारे वीस अंशांचा खोल तळ ठेवून मोठ्या लाटेची वाट धरली. टेक्सासमधील टिगे या कंपनीने तळाला मागच्या भागात बाहेरून फुगीर वळण देऊन बोट आपोआप मागे खचेल अशी योजना केली आणि मागे एक हलती पट्टी बसवून ती खच चालकाच्या हाती ठेवली. मालिबूने ‘वेज’ नावाची, पाण्याखाली उलट्या पंखासारखी चालणारी पट्टी वापरली. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, तर ही पट्टी मागची बाजू खाली ओढते, म्हणजे टाकीत पाणी न भरताही वजन वाढल्याचा परिणाम साधते. मात्र हे वजन भासमान असते व ते फक्त मागेच लागते, त्यामुळे लाट उभी आणि आखूड होण्याकडे झुकते. टाक्यांचे पाणी मागे-पुढे विभागता येते व चढ लांबवता येतो. एका खेळाडूला पहिली लाट आवडेल, दुसऱ्याला दुसरी, आणि यात कोणी चूक नाही.

बोटीत मुद्दाम भरलेल्या वजनाला बॅलास्ट म्हणतात. पूर्वी खेळाडू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पंपाने पाणी भरीत. पुढे कंपन्यांनी तळातच टाक्या बसवल्या. नॉटिकची २०१३ सालच्या हंगामासाठी आलेली ‘जी-२३’ ही २३ फुटी बोट या वाटचालीतला एक ठळक टप्पा मानली जाते: तिच्यात कारखान्यातूनच २,८५० पौंडांची, म्हणजे सुमारे १,२९० किलो पाण्याची सोय होती आणि रिकाम्या बोटीचे वजन अडीच टनांहून अधिक होते. जवळपास त्याच सुमारास मास्टरक्राफ्टने आपली ‘एक्स-स्टार’ ही गाजलेली बोट पुढचे टोक रुंद करून नव्या रूपात आणली. या दोन बोटींनी वेकची चढाओढ एका नव्या पातळीवर नेली, यात शंका नाही. परंतु यांच्यामागची मोठी लाट प्रत्येकाच्या हिताची असतेच असे नाही. शिकाऊ माणसाला ताशी ३० किलोमीटरच्या आत, आखूड दोरावर, कमी पाणी भरलेल्या बोटीमागे जो बेताचा चढ मिळतो तोच त्याच्या गुडघ्यांना आणि धैर्याला झेपतो, आणि टाक्या रिकाम्या ठेवून मोठी बोट लहान करता येत असली तरी अडीच टनांच्या खाली तिला जाता येत नाही. जुनी, हलकी, २१ फुटी बोट अशा वेळी अधिक कामाची ठरते.

दोराचा बांधही बोटीप्रमाणे बदलत आला आहे. स्की-बोटीत तो बोटीच्या मध्यावरच्या ठेंगण्या खांबाला असतो. वेक-बोटींवर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात धातूच्या नळ्यांची कमान आली, आणि दोर डोक्याच्याही वर बांधला जाऊ लागला. लाटेच्या आकारात याने काहीच फरक पडत नाही, पण हवेत उडालेल्या खेळाडूला दोर खाली खेचत नाही, त्यामुळे तीच वेक त्याला अधिक मोठी वाटते. खेळाडूंच्या अनुभवांवरून बोटींची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

रास्त तुलनेची रीत यातून बरीचशी उलगडते. दोन्ही बोटींचे एकूण वजन, म्हणजे बोट, इंधन, माणसे आणि पाणी मिळून, सारखे किंवा निदान नोंदलेले असावे. दोर एकाच लांबीचा असावा, आणि वेग उपग्रहाच्या आधारे चालणाऱ्या वेगनियंत्रकाने राखलेला असावा, कारण पाण्याच्या दाबावर चालणारे जुने वेगदर्शक चुकीचे आकडे दाखवू शकतात. पाण्याची खोली तर हमखास विसरली जाते. पाणी उथळ असेल तर लाटेच्या वेगावर खोलीची मर्यादा पडते. अडीच मीटर खोलीत कोणतीही लांब लाट ताशी सुमारे १८ किलोमीटरहून वेगाने धावू शकत नाही, आणि बोटीचा वेग त्या मर्यादेला भिडला की लाटेचा आकार पार बदलून जातो. ताशी ३५ किलोमीटरसाठी ही खोली साडेनऊ मीटरच्या आसपास येते. म्हणजे एकाच सरोवराच्या दोन टोकांना पाहिलेल्या दोन बोटींची तुलना ही बहुतांशी त्या सरोवराच्या तळाची तुलना असू शकते.

गेल्या दीड दशकात या बोटींच्या रचनेला सर्वांत जोराचा धक्का दिला तो वेकसर्फिंगने. यात खेळाडू दोर सोडून देतो आणि बोटीपासून अवघ्या काही मीटरवर, तिच्या एका बाजूच्या लाटेच्या उतारावर नुसत्या लाटेच्या रेट्याने चालत राहतो. बोटीचा वेग ताशी १६ ते १९ किलोमीटर असतो. आधी सारे वजन एका बाजूला भरून बोट कलवावी लागे. २०१२ साली मालिबूने ‘सर्फ गेट’ ही योजना आणली, जिच्यात मागच्या कोपऱ्यावरची एक झडप पाण्यात उघडली की त्या बाजूचे पाणी उशिरा परत येते आणि विरुद्ध बाजूची लाट फेस न होता लांब, स्वच्छ उभी राहते. बोट कलवावी लागत नाही आणि बाजू काही सेकंदांत बदलता येते. नॉटिक आणि मास्टरक्राफ्ट यांनीही आपापल्या योजना आणल्या आणि कंपन्यांमध्ये पेटंटवरून न्यायालयीन झगडे झाले. लाटेचा आकार ही केवढ्या मोलाची मालमत्ता झाली होती, हे त्यावरून कळावे.

याच लाटेचा दुसरा हिशेब काठावर होतो, आणि वेकच्या तुलनेत तो बहुधा गाळला जातो. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते: उंची दुप्पट तर ऊर्जा चौपट. शिवाय खोल पाण्यात पाचरीच्या कडेची लाट फार सावकाश मावळते. अंतर आठपट झाले तर तिची उंची जेमतेम निम्म्यावर येते. अमेरिकेतील बोट-व्यावसायिकांच्या मोहिमेत बोट काठापासून २०० फूट दूर ठेवावी असा सल्ला दिला जातो. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने चार बोटींच्या लाटा सरोवरावर मोजून २०२२ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात साध्या बोटींच्या लाटा २०० फुटांवर जितक्या उरतात तितक्यावर येण्यासाठी वेकसर्फिंगच्या लाटांना ५०० फुटांहून अधिक अंतर लागते असे आढळले. त्याआधी २०१४ साली क्वेबेकमधील मेम्फ्रेमेगॉग आणि लव्हरिंग या सरोवरांवरच्या अभ्यासात काठापासून ३०० मीटर अंतराची शिफारस झाली होती. वाऱ्याने उठणाऱ्या लाटांची सवय असलेल्या मोठ्या सरोवराच्या काठाला यातून फारसे काही होणार नाही. पण वारा अडलेल्या चिंचोळ्या सरोवराचा काठ, तिथली पाणवनस्पती आणि काठाजवळ घरटी करणारे पक्षी यांना एवढ्या ऊर्जेची सवय नसते. त्यातच ०.६ च्या फ्रूड अंकावर चालणाऱ्या बोटीचे पुढचे टोक वर आणि प्रॉपेलरचा झोत खाली वळलेला असतो, त्यामुळे उथळ जागी तळाचा गाळ वर येतो व गाळात बसलेले फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळून शेवाळाला खाद्य पुरवते.

अमेरिकेच्या व्हर्माँट राज्याने २०२४ च्या एप्रिलपासून लागू केलेल्या नियमांत हा सगळा हिशेब आकड्यांत उतरलेला दिसतो. काठापासून किमान ५०० फूट दूर, किमान २० फूट खोल आणि सलग ५० एकरांचा टापू जिथे मिळतो अशाच सरोवरांवर त्यांत वेक-क्रीडेला परवानगी दिली गेली, आणि राज्यातील अशी सरोवरे तेव्हा तीसच्या आसपास भरली. बॅलास्टच्या टाक्या उपसल्या तरी त्यांच्या तळाशी काही लिटर पाणी उरते, आणि झेब्रा शिंपल्यासारख्या उपद्रवी जलचरांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले त्या पाण्यातून एका सरोवरातून दुसऱ्यात जाऊ शकतात. म्हणून त्याच नियमांत प्रत्येक वेक-बोटीने हंगामासाठी एकच सरोवर आपले म्हणून ठरवावे, आणि दुसऱ्या पाण्यात उतरून परत यायचे असल्यास आधी टाक्यांचे अधिकृत निर्जंतुकीकरण करून घ्यावे, अशी अट घातलेली आहे.